आराम पडला का?

५ एप्रिल, रविवार

ही डायरी खताच्या दुकानदाराने ह्यांना दिलेली. पहिल्याच पानावर बियाण्याची जाहिरात आणि एक हसरा शेतकरी. असा हसणारा आमच्या वडनेरात तरी मी पाहिला नाही. दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा माझी लेक प्रेरणा म्हणाली, "आई, तू काही पडून राहणार नाहीस. हाताले कायतरी चाळा ठेव. रोजचं लिहीत जाय." दहावीनंतर मी किराण्याच्या चिठ्ठीशिवाय काही लिहिलेलं नाही. लिहिताना शाळेतल्या बाईंनी शिकवलं तसं लिहीन, पण बोलणं जसं झालं तसंच उतरवीन.

तर हकीकत अशी. मागच्या आठवड्यात खामगावला माझी गर्भपिशवी काढली. त्रास दोन वर्षांपासून होता. पण आधी कापूस वेचायचा, मग तूर, मग हरभरा, मग गहू. बाईमाणसाला दुखणंसुद्धा शेत मोकळं झाल्यावरच काढावं लागतं. चैत्रात शेत मोकळं झालं, म्हणून चैत्रात ऑपरेशन. डॉक्टरीणबाई प्रेरणाच्या वयाची, पण बोलते कशी खडसावून. "उन्हाळाभर आराम. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही." मी विचारलं, मग करायचं काय? तर म्हणे, "काहीच नाही." चोपन्न वर्षांची झाले, काहीच नाही हे काम मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

घरात आम्ही चौघं. हे, म्हणजे भगवानराव. मुलगा हर्षल, नांदुऱ्याला कृषी केंद्रात कामाला जातो. आणि सून काजल, लग्नाला दोन वर्षं होतील. ती दुसरबीडची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, महिनाभर माहेरी जायचं ठरलं होतं तिचं. गेल्या उन्हाळ्यातही ठरलं होतं, पण तेव्हा कुरोड्यांचे गहू भिजत घातलेले, मग हर्षलला कावीळ झाली, राहूनच गेलं. आता माझं हे मधे आलं. मी तिला म्हटलं, "मले आराम पडला की जाय हो तू." ती म्हणाली, "हो आई." पोरगी समजूतदार आहे. तोंडावर मी म्हणत नाही, चढून बसतात.

८ एप्रिल

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. आमच्याकडे आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोणी येत नाही आणि चहा घेतल्याशिवाय कोणी जात नाही. बिस्किटांच्या पुड्यांनी फडताळ भरलं. मोसंब्या एवढ्या झाल्या की टोपलं काढावं लागलं.

सगळ्या एकच विचारतात, "आराम पडला का, कोकिळाबाई?" मी म्हणते, "कुठचा आराम वं माय, टाके ओढून राह्यले." टाके तसे काही फार ओढत नाहीत. पण माणूस एवढ्या उन्हातान्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून आलेला. त्याला "बरी हाय मी" म्हणून कसं वाटेला लावायचं? त्याच्या येण्याचाही मान राहिला पाहिजे ना.

काजल चहा ठेवते, कप विसळते, पुन्हा ठेवते. सकाळी भरलेला साखरेचा डबा संध्याकाळी खरवडत होती. मी पलंगावरूनच सांगितलं, जरा हात राखून टाक.

हर्षलने माझ्यासाठी नवा कूलर आणला आणि बाहेरच्या अंगाने खिडकीत बसवला. काय कूलर आहे! दिवसभर चालतो, गार हवा तुटत नाही. जुन्याला सारखं पाणी पाज, सारखं पाणी पाज. ह्याची टाकी मोठी असावी. दुपारी अशी गाढ झोप लागली की तोंडातून लाळ गळाली. लग्न झाल्यापासून मी दुपारची झोपले नव्हते.

१२ एप्रिल

काजलच्या आईचा, चांगुणाबाईचा फोन आला. बाईने नवरा गेल्यावर फाट्यावर चहाची टपरी चालवून दोन लेकरं मोठी केली. टपरी सोडून तिला कुठे जाता येत नाही, ऑपरेशनच्या वेळी मात्र एक दिवस येऊन गेली. तिकडची बोली आमच्यापेक्षा निराळी, जालन्याचं वारं लागलेली. आम्ही "मले" म्हणतो, ते "मला" म्हणतात.

"ईहीनबाई, आराम पडला का तुम्हाला?"

"कुठचा हो. कूस बदलताना जीव जाते."

"बरं बरं. पडल, पडल आराम. जपा."

मग विचारलं, काजल आहे का. काजल मागच्या दाराने शेजारच्या इमामबीकडे गेलेली. आजकाल ती सारखी इमामबीच्या अंगणात असते. तरुण पोरगी, गप्पा मारल्याशिवाय करमत नाही तिला. मी म्हटलं, आली की लावते फोन. नंतर विसरले.

बाई फार प्रेमळ. सख्खी बहीण एवढी चौकशी करणार नाही.

१९ एप्रिल, आखाजी

गल्लीत लेकी आल्या. मारुतीच्या देवळाकडच्या निंबाला झोका बांधलाय, त्याचा करकर आवाज पलंगावर ऐकू येतो. पोरी गाणी म्हणत होत्या. काजलला म्हटलं, जाय ना, एक झोका घेऊन ये. म्हणाली, "पोळ्या व्हायच्यात आई." पितरांची घागर भरली, पुरणाच्या पोळ्या केल्या, रस केला. सगळं वेळेवर. पोळी मात्र जरा जाड होती.

दुपारी चांगुणाबाईचा फोन. आराम पडला का? मी म्हटलं, आज तर कंबरही धरली. (कंबर पलंगावर पडून पडून धरली, पण ते काही सांगण्यासारखं नाही.) तिने एक बातमी दिली. काजलचा भाऊ प्रेमानंद संभाजीनगरला कंपनीत लागला आहे. तो जूनमध्ये आईला तिकडे घेऊन जाणार. दुसरबीडचं घर भाड्याचंच, ते सोडणार. टपरीही देऊन टाकणार.

"संभाजीनगरला एक खोली हाय त्याची. तिथं आपण गेलो तं पाय पसरायलाही जागा नाही," म्हणाली आणि हसली. "इथं कसं, अंगण हाय. लेकरू आलं तं बाज टाकून झोपतं."

मी म्हटलं, बरं झालं बाई, म्हातारपणी टपरीवर उभं राहायचं सुटलं. काजलला सांगितलं तर तिला आधीच माहीत होतं. ती घागरीवरचा आंबा उचलून आत गेली.

२४ एप्रिल

वाळवणाचे दिवस सुरू झाले. आमच्या गल्लीत पापड पाळीपाळीने होतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या बाया पोळपाट-लाटणं घेऊन जातात. जी दुसरीच्या पाळीला जात नाही तिच्या पाळीला कोणी फिरकत नाही. माझा हात गल्लीत नावाजलेला. मी लाटलेल्या पापडातून पलीकडचं दिसतं. यंदा माझ्याऐवजी काजल जाते. सकाळचा स्वयंपाक उरकला की जाते, ऊन डोक्यावर आलं की परत येते, पुन्हा भांडी.

आज इमामबी तिला हाताला धरून घेऊन आली. इमामबी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची. लग्न होऊन आम्ही दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलो. मला वाटलं पोरीला ऊन लागलं. इमामबी म्हणाली, "काही नाही बाप्पा. लाटणं हातात धरून बसल्या बसल्या झोपली. कपाळ पोळपाटावर टेकलं."

बाकीच्या बाया हसल्या असतील. माझी तर लाजच गेली. काजलच्या कपाळाला पीठ लागलेलं होतं. मी म्हटलं, "रात्री मोबाईल पाहत बसता, मग असं होते."

तिने पदराने कपाळ पुसलं. इमामबी मात्र माझ्याकडे अशी पाहत उभी राहिली, जणू मी तिचं काही घेऊन विसरले आहे. "तुले आराम पडला का, कोकिळा?" तिने विचारलं. मी म्हटलं, कुठचा आराम. "हाव, दिसूनच राह्यलं," म्हणाली आणि गेली. तिला कसला राग आला कोण जाणे.

२ मे

ऊन असं की दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. गाव झोपतं. पुरुषांना तर या दिवसांत कामच नाही. नांगरटी झाल्या, पेरणीला अवकाश. हे सकाळी पेपर वाचतात, अकरा वाजता जेवतात, मग पारावर पत्ते. तहान लागली की घरी येऊन पाणी मागतात आणि पुन्हा जातात. मी कधी बोलले नाही. आठ महिने माणूस मातीत राबतो, उन्हाळ्यात जरा टेकला तर काय बिघडलं?

आता मलाही त्याची गोडी लागत चालली आहे, खरं सांगायचं तर. पहिले आठ दिवस पलंग टोचायचा. भांडं वाजलं की उठावंसं वाटायचं. आता वाजलं तर वाजलं. काल दुपारी मी नुसती छताकडे पाहत पडले होते. पाल आली, गेली, पुन्हा आली. एवढ्या वर्षांत या घराच्या छताला किती आडवे वासे आहेत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बरं वाटलं. हे म्हणतात, "तुह्या तोंडावर तेज आलं."

नळ आज नवव्या दिवशी आला आणि तासाभरात गेला. कूलर मात्र थांबत नाही.

७ मे

खामगावला तपासणी. टाके छान भरलेत. मला वाटलं, आता सोडतील. डॉक्टरीणबाई म्हणाली, वरून भरलेत, आतून भरायला वेळ लागतो. अजून महिनाभर असंच. बादली उचललेली मला कळली तर पुन्हा येऊ नका.

परत येताना बसमध्ये मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. उलट मनात आलं, चला, अजून एक महिना. ही गोष्ट इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही.

घरी आल्यावर काजलने दारातच विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?" मी सांगितलं, अजून महिना. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग बराच वेळ चूल, म्हणजे गॅस, पुसत होती. पुसलेलाच होता.

१० मे

आज डोकं फिरलं आहे. प्रेरणा अकोल्याहून परवा यायची होती. लेकरांना सुट्ट्या लागल्या, बॅगा भरल्या, मी हर्षलकडून आंबे आणून ठेवले. आणि आज फोन, "आई, नाही जमत येणं. आत्याबाईचा पाय मुरगळला."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, सत्यभामाबाई. बाथरूममध्ये घसरली. हाड शाबूत आहे, नुसती सूज. तरी बाई पलंगावरून उतरत नाही. प्रेरणा बारीक आवाजात बोलत होती, म्हणजे सासू बाजूलाच असणार. "त्यायले आराम पडला की येतो ना आई." वर्षभर ती पोरगी शाळेतली नोकरी करते, घर करते, सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी करते. उन्हाळ्यातले पंधरा दिवस माझ्याकडे येऊन लोळते, तेवढीच तिची विश्रांती. तेवढेही या बाईच्या डोळ्यात आले.

मुरगळलेल्या पायाला काय एवढं? लेप लाव, पट्टी बांध, चालायला लाग.

१२ मे

सत्यभामाबाईला फोन केला. गोड आवाजात विचारलं, "आराम पडला का हो ईहीनबाई?"

"कुठचा आराम हो. पाय टेकवतो तं डोळ्यासमोर काजवे चमकतात."

काजवे!

१४ मे

पुन्हा फोन केला. आराम पडला का? तर म्हणे, "सूज उतरली, पण ठणका हाय. प्रेरणा हाय म्हणून बरं. इतकं करते पोरगी, मले काही पाहाच लागत नाही. पाणीसुद्धा हातात."

आवाज कसा खणखणीत! ठणकणारं माणूस असं बोलतं का? मजा चालली आहे बाईची. आणि येणारे-जाणारे असतीलच, म्हणजे माझ्या पोरीला चहाची भांडी.

मला काही तिच्या पायाचं पडलेलं नाही. माझी लेक कधी सोडता, एवढंच विचारायचं होतं. पण तसं तोंड उघडून विचारता येतं का लेकीच्या आईला? मग "आराम पडला का" असंच विचारावं लागतं. आणि त्या बाईला एवढी साधी गोष्ट कळू नये? की कळून न कळल्यासारखं करते? मी तिच्या जागी असते तर पहिल्याच फोनला म्हटलं असतं, पडला हो आराम, न्या तुमची पोरगी.

१६ मे, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

जेवून पडले होते. कूलर चालू. डोळा लागणार तेवढ्यात फोन वाजला. चांगुणाबाई.

"ईहीनबाई, आराम पडला का?"

तोंडात "कुठचा" आलाच होता माझ्या. आणि तिथेच अडकला. कारण तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता. सत्यभामाबाईला विचारतानाचा. तसाच गोड, तसाच जरा खाली दाबलेला.

एप्रिलपासून ती बाई मला विचारते आहे. आखाजीला विचारलं. घर सोडणार म्हणून सांगितलं, अंगणातली बाज सांगितली. मी म्हटलं, बरं झालं तुमचं. मी तिला प्रेमळ म्हटलं होतं इथे, मागे कुठेतरी लिहिलं आहे.

"हॅलो? ईहीनबाई?"

"पडला," मी म्हटलं.

"काय म्हणता?"

"आराम पडला म्हनलं मले. बम आराम पडला. उद्यापासून धोंड्याचा महिना लागते. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना हाय पोरीचा. हर्षलसंगं पाठवते तिले. जावयाले धोंडे खाऊ घाला अन् वापस पाठवा. काजलले ठेवून घ्या, तुमचं घर सुटेपर्यंत."

पलीकडे टपरीवरचा आवाज येत होता, कोणीतरी कटिंग मागत होतं. मग म्हणाली, "खरंच पडला का हो आराम?"

"अवो, खोटं काऊन बोलू मी?"

खोटंच बोलत होते.

काजलला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, बॅग भर, उद्या दुसरबीडला जायचं. तिचा चेहराच उतरला. मला वाटलं होतं उडी मारेल.

"आई, माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही वं. माहेरी जाय म्हणून राह्यली मी तुले."

"पण डॉक्टरांनी तर महिना सांगितला."

"डॉक्टरले काय कळते? मले आराम पडला."

ती तशीच उभी. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, खरं बोलते की चिडून बोलते याचा अंदाज घेत. दोन वर्षं माझ्या घरात राहून पोरीला माझं तोंड असं वाचावं लागतं, हे मला आवडलं नाही. मी म्हटलं, "भर ना बॅग. किती वेळ लागन?"

तिने कपाटावरून बॅग खाली काढली. वर धूळ होती. फडक्याने झटकली आणि दाराशी ठेवली. भरलेलीच होती. आखाजीच्या आधीपासून भरून ठेवलेली.

आणि मग ती पलंगाशी येऊन खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्याने नाही. मला पलंगावरून पटकन उठता येईना, वाकता येईना. पलंगावरूनच तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढाच पोचला.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. म्हणाले, "डॉक्टरनं अजून महिना सांगतला ना वं?"

"सांगतला."

"मंग सैपाक?"

"तुम्ही."

हे हसले. मी हसले नाही तेव्हा थांबले.

१७ मे

सकाळच्या गाडीने दोघं गेले. जाताना काजल सांगत होती, कणीक कुठे आहे, गॅसचा वायसर कुठे आहे, बाबांच्या गोळ्या कोणत्या. शेवटी दारातून परत फिरली. "थांबा, कूलर भरून जाते."

मी म्हटलं, भरून? काल तर चालू होता.

"सकाळी एकदा, अकराला एकदा, दुपारी दोनदा भरावा लागतो आई. नळाचं पुरत नाही. इमामचाचींच्या बोअरचं आणते." आणि बादली घेऊन मागच्या दाराने गेली सुद्धा.

१९ मे

इमामबीने भाजी आणून दिली. तिला म्हटलं, कूलरच्या पाण्याचं तू मला आधी का नाही सांगितलं? म्हणाली, "मले वाटलं तुले माहीत हाय. गारगार हवेत कोण झोपते, तुले नाही तं कोणाले माहीत असन?" आम्ही एका वर्षी या गल्लीत आलो म्हणून ती मला असं बोलू शकते. बरोबर बोलली.

आता इथलं. भाकर मी उभ्याने ओट्यावर थापते, तेवढं चालतं. पिठाचा डबा हे उतरवून देतात. भांडी हे घासतात, दार लावून, कोणी पाहू नये म्हणून. कूलरचं पाणीही हेच आणतात. पहिल्या दिवशी दुसऱ्या बादलीलाच अंगणात टेकले आणि म्हणाले, "हे असं रोज करत होती काय पोरगी?" मी म्हटलं, रोज. मग बराच वेळ बादलीच्या कडीकडे पाहत बसले. दुपारी म्हणाले, आज कूलर नाही लावला तर चालेल का? चाललं. निंबाखाली बाज टाकली, सावली आहे तोवर बरं वाटतं.

आज दोघीजणी भेटायला आल्या. ह्यांनी दारातच विचारलं, "चहा घेता का?" अशा तोंडाने विचारलं की दोघी म्हणाल्या, नको नको, आत्ताच घेतला. आम्ही बोलत बसलो नुसत्या. त्यांनी विचारलं, आराम पडला का? मी म्हटलं, हाव, पडला. लगेच उठून गेल्या. आराम पडलेल्या माणसाकडे काय बसायचं!

यंदा कुरोड्या नाहीत. लग्न झाल्यापासूनचा हा पहिला उन्हाळा. पापडाच्या पाळीलाही निरोप पाठवला, आमच्याकडे यायचं नाही. गल्लीत बोलतील. बोलू द्या. पावसाळ्यात काय खाणार, असं हे म्हणाले. मी म्हटलं, विकत मिळतात, नांदुऱ्याला दुकानांत लोंबून राह्यले.

हर्षल धोंडे खाऊन आला. म्हणाला, तिकडे लय आग्रह झाला. काजल कशी आहे विचारलं तर म्हणाला, "झोपली होती मी निघालो तवा."

२० मे

सत्यभामाबाईला फोन केला. आज पायाचं विचारलंच नाही. सरळ म्हटलं, "ईहीनबाई, प्रेरणाले आठ दिवस पाठवा. मी पलंगावर हाय, कामाले नाही बोलावत. झोपाले बोलावून राह्यली." ती म्हणाली, पाहू. रागावली असावी. पण विचारलं तर खरं, तोंड उघडून.

२३ मे

दुपारी मीच दुसरबीडला फोन लावला. चांगुणाबाईने उचलला. मागे टपरीचा आवाज नव्हता, घरीच होती. विचारलं, काजल काय करते?

"झोपली हाय," ती म्हणाली.

"असू द्या. अन् सामान बांधणं चालू असन ना तुमचं? तिले नका लावू."

"नाही हो, सामानाला कुठं हात लावते ती." मग तिने आवाज बारीक केला. "ईहीनबाई, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"ही आल्यापासून झोपूनच हाय. जेवायला उठवलं की उठते, दोन घास खाते, अन् पुन्हा बाजेवर पडते. पहिल्या दिवशी वाटलं प्रवासानं थकली. पण आज सातवा दिवस. अंगात ताप नाही, काही नाही. काल मी उशाशी बसले तं म्हणे, माय, काही नाही झालं, झोपू दे. मला भीती वाटायली. तिला तिकडं काही दुखणं झालं होतं का? तुम्ही लपवू नका. मी प्रेमानंदला बोलावून दवाखान्यात नेते."

हे पत्ते खेळायला गेले नव्हते, समोर बसून मोसंबी सोलत होते. त्यांनी खुणेने विचारलं, काय झालं? मी हातानेच थांबा म्हटलं.

"दुखणं नाही हो तिले," मी म्हटलं. "दवाखान्यात नका नेऊ. झोपू द्या."

"मग असं काऊन? पडल ना तिला आराम?"

तिने काऊन म्हटलं, आमच्यासारखं. एवढ्या फोनांत ती आमची बोली शिकली.

"पडन," मी म्हटलं. "घाई नका करू. मी रोज फोन करून विचारते तुम्हाले. अन् नाही पडला, तरी खरं सांगा."

फोन ठेवला. ह्यांनी मोसंबीची फोड पुढे केली. मी म्हटलं, नको, आधी अंगणात माझी बाज सावलीत ओढून द्या, मलाही अजून आराम पडायचा आहे. त्यांनी ओढून दिली.